पट्टा कोण धरणार

गळती रविवार पाळत नाही. नोलाला हे गुरुवारी दुपारीच उमगलं होतं.

तिच्यासमोर सात नंबरच्या खोलीतल्या ऑक्सिजनचा आलेख होता. सपाट रेघ, आणि दर सात दिवसांनी एक काटा. अकरा काटे, अकरा रविवार, सगळे सकाळी पावणेसातच्या आसपास. दहा काटे टाचणीएवढे बारीक. अकरावा, मागच्या रविवारचा, चांगला जाडजूड. दाराला फट असती तर तिने सोमवारीही हवा आत घेतली असती. कुणीतरी चर्चला जाण्याआधी येऊन सात नंबरच्या दारातली झडप, म्हणजे नमुन्याचं फळ काढायची छोटी खिडकी, उघडत होतं, आणि झडपांच्या कुलपांची किल्ली किट्रेज घराण्यात फक्त आजोबांच्या कमरेला असते.

सिॲटलपासून डोंगरापलीकडे, आमच्या वेनाचीच्या खोऱ्यात, सफरचंदं शरदात तोडतात आणि वसंतापर्यंत निजवून ठेवतात. खोली बंद करायची, आतला ऑक्सिजन काढून दोन टक्क्यांच्या खाली न्यायचा, की फळ श्वास जवळजवळ रोखून पडून राहतं. फळाला ते मानवतं, माणसाला नाही. १९७४ साली लोरीनचा नवरा वेस तीन नंबरच्या झडपेतून फळ काढायला नुसता डोकं आत घालून वाकला आणि तसाच लटकलेला सापडला. सोमवारी त्याला पुरलं. मंगळवारी लोरीनच्या भावाने, ॲन्सेलने, बाराही दरवाज्यांवर पांढऱ्या रंगाने स्वतःच्या हाताने लिहिलं: एकट्याने नाही. एक वाकेल, दुसरा त्याच्या कमरेचा पट्टा धरेल. दोघांची सही. तेव्हापासून दरवाज्यावर टांगलेल्या नोंदतक्त्यात सहीचे दोन रकाने असतात आणि पन्नास वर्षांत त्यातला एकही रिकामा राहिलेला नव्हता.

तोच ॲन्सेल, नोलाचा आजोबा, आता त्र्याऐंशीचा होता, आणि कंपनीच्या पाच मतांपैकी दोन त्याची होती. उरलेली तीन म्हणजे थोरला मुलगा गार्थ, धाकटा बर्ल आणि बहीण लोरीन. आज रविवारी, चर्चनंतर, पॅकिंग शेडच्या जेवणाच्या खोलीत मतं पडायची होती. बाराही खोल्या दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने नदीपलीकडच्या मोठ्या कंपनीला द्यायच्या, असं गार्थचं म्हणणं. नोला गार्थचीच मुलगी. पण तिने चार खोल्यांत सेन्सर बसवून वर्षभर मेहनत घेतली होती ती बरोबर याच्या उलट गोष्टीसाठी. सगळा धंदा आपणच जोडून घ्यायचा, खोल्या, ट्रक, बागेतले पंखे, पॅकिंगची यंत्रं, आणि खोल्या आपल्याच ठेवायच्या. आजोबांच्या दोन मतांवर तिची सगळी भिस्त होती. आता तिच्याच आकड्यांनी आजोबांना पकडलं होतं. नियम मोडणाऱ्या, झडपेत एकट्याने वाकणाऱ्या म्हाताऱ्याची मतं कोण मोजणार होतं? कागद दाखवला तर कंपनी गेली. नाही दाखवला, तर बर्लकाका जाणार होता, कारण सात नंबरचं दार ऑक्टोबरात त्याने बंद केलं होतं आणि गार्थच्या हातात फक्त महिन्याची सरासरी होती. सरासरीत रविवार दिसत नाहीत. दिसते ती गळती.

आज सकाळी सात वाजता तिने मोबाइल उघडून पाहिला होता. रेघ सपाट होती. त्याने तिला हायसं वाटायला हवं होतं, पण ती आणखीच घाबरली: मागच्या रविवारी असं काय झालं होतं, की आज आजोबा आलेच नाहीत?

*

लोरीनने हॅम आणलं होतं, चीज घालून भाजलेले बटाटे आणले होते, लाल जेलीचं सॅलड आणलं होतं. सफरचंदाचं काहीही नव्हतं. किट्रेजांच्या ताटात सफरचंद येत नाही; दिवसभर ज्याचं तोंड पाहायचं ते पुन्हा जेवताना कशाला, असं या घराचं मत आहे. लोरीनचं कारण वेगळं होतं आणि ते तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

भाऊ आत आला तसं तिने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. डोक्यावर चर्चची करडी हॅट होती. शेडमध्ये ॲन्सेल हॅट घालून आलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. त्याची ती मळकी हिरवी टोपी कशी नाही आली, असं तिने विचारलं.

"धुवायला टाकलीय," ॲन्सेल म्हणाला.

"तू? टोपी? धुवायला?"

"माणूस सुधारू शकतो, लोरीन."

सगळे हसले. बर्ल हसला नाही, त्याने ताटातलं हॅम उगाचच आणखी बारीक कापलं. लोरीनच्या नजरेतून ते सुटलं नाही, पण त्याचा अर्थ तिला लागला नाही.

बोलणं नोलाने सुरू केलं. जुलैमध्ये चेरींचा ट्रक निघाला, त्याचं थंडाव्याचं यंत्र स्नोक्वाल्मीच्या घाटात बंद पडलं आणि ते आपल्याला समजलं सिॲटलला मागचं दार उघडल्यावर, याची तिने आठवण करून दिली. यंत्रात बोटाएवढा सेन्सर असता तर ड्रायव्हरने पुढच्या वळणावर गाडी थांबवली असती. स्पोकेनमध्ये मावसबहिणीची बेकरी आहे, तिच्या भट्टीचा पंखा थकत आला की तिला दोन आठवडे आधी कळतं. मोझेस लेकच्या डेअरीत कुठली गाय आज कमी चरली ते गवळ्याला कॉफी पिता पिता दिसतं. आणि आपण? आपण दिवसातून दोनदा बारा दारांशी जाऊन वहीत आकडा लिहितो आणि मधल्या बारा तासांत काय झालं ते देवाला ठाऊक.

"कमी चरलेली गाय आमच्या वेळी डोळ्यांना दिसायची," ॲन्सेल म्हणाला. "आणि खोलीचं काय चाललंय ते मला एका घासात कळतं. तुझ्या यंत्राला दात आहेत का?"

हा त्याचा ठरलेला टोमणा. दर खोली उघडण्याआधी किट्रेज मंडळी दाराशी जमतात, ॲन्सेल झडपेतून एक फळ काढतो, सगळ्यांदेखत चावतो, डोळे मिटतो आणि सांगतो: आणखी तीन आठवडे, किंवा, उद्याच उघडा. त्या एका घासावर या घराण्याचं नाव चाललेलं आहे. जानेवारीत पाच आणि सहा नंबर त्याच्याच घासावर उघडल्या आणि गेल्या दहा वर्षांत असं कडक, रसाळ फळ निघालं नव्हतं, हे गार्थलाही नाकारता येत नव्हतं. आज सभेनंतर पाळी सात नंबरची होती.

"आणि यंत्राला रविवार कळत नाही," ॲन्सेलने पुढे जोडलं. नोव्हेंबरात भर प्रार्थनेत नोलाच्या खिशातला अलार्म कोकलला होता आणि पास्टर आमेन विसरले होते, ती गोष्ट त्याने पुन्हा रंगवून सांगितली. नोलाही त्या वेळी हसली होती. आज तिने ताटाशेजारी पालथा ठेवलेला आलेखाचा कागद जवळ ओढला.

गार्थने ताट बाजूला सारलं. तो आवाज चढवणारा माणूस नव्हे. त्याचा आवाज उतरला की घरचे सावध होतात. त्याने एक कागद टेबलावर ठेवला. सेन्सर असलेल्या चार खोल्यांपैकी तीन ठीक होत्या. सात नंबरचा ऑक्सिजन डिसेंबरपासून वर होता आणि या आठवड्यात तर फारच. जुन्या बागेचं सगळं फळ त्या एका खोलीत होतं.

"नोलाची यंत्रं चांगली आहेत, मी कुठे नाही म्हणतो," तो म्हणाला. "तीच सांगताहेत की आपल्याला दार धड बंद करता येत नाही. आपण थकलोय. पलीकडचे लोक हीच यंत्रं बाराही खोल्यांत लावतील, चोवीस तास माणूस बसवतील. आणि दारं बंद करायला असा माणूस आणतील ज्याचं लक्ष कामात असेल."

"नाव घे की," बर्ल म्हणाला.

"सात नंबर कोणी बंद केली?"

"मी."

"मग घेतलं समज."

बर्ल त्रेपन्न वर्षांचा, मोठ्या हातांचा, कमी बोलणारा माणूस. ते दार त्याने तीनदा तपासलं होतं, धूर सोडून पाहिलं होतं. त्यातून मुंगीचा श्वाससुद्धा जाणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट त्याला ठाऊक होती. सोमवारी सकाळी फेरी मारताना त्याने सात नंबरच्या झडपेच्या काचेतून टॉर्च मारला, तेव्हा आतल्या पहिल्या पेटीवर, लाल फळांच्या मधोमध, बाबांची हिरवी टोपी पडलेली होती.

टोपी आत पडते म्हणजे डोकं आत गेलेलं असतं. तेव्हापासून सहा दिवस त्याने ते कुणालाही सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. गार्थला कळलं तर बाबांची मतं जातील, आणि मतं गेली की बाबा सहा महिनेही काढणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. त्यापेक्षा दार माझ्या हातून नीट लागलं नाही, हे सोपं. पण थोड्या वेळाने सगळे त्या काचेशी जाणार होते. तोपर्यंत त्याने काही युक्ती सुचते का पाहिलं होतं, आणि काहीच सुचलं नव्हतं.

"असेल माझी चूक," बर्ल म्हणाला. "सील बसलं नसेल."

नोलाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. ज्या काकाने तिला वयाच्या बाराव्या वर्षी सील कसं तपासायचं ते शिकवलं, तो असं बोलूच शकत नव्हता. त्यालाही माहीत होतं तर.

गार्थने मग दोन्ही गोष्टी एकत्रच मांडल्या. भाडेपट्ट्याला होकार द्यायचा, आणि तो सुरू होईपर्यंत खोल्यांचं काम बर्लकडून काढून बाहेरच्या माणसाला द्यायचं. बर्लने स्वतःच्या कामावर मत द्यायचं नाही, आणि मतं समसमान पडली तर थोरला म्हणून गार्थचं धरायचं. जो बाजूने आहे, त्याने हात वर करावा. त्याने स्वतःचा केला. मग तो लोरीनकडे वळला.

लोरीनला बर्लचं वाईट वाटत होतं. पण या खोल्या दुसऱ्या कुणाच्या तरी होणार, सकाळी उठून खिडकीतून त्या बारा दरवाज्यांची रांग दिसली तरी ती आपली नसणार, या विचाराने तिला पन्नास वर्षांत पहिल्यांदा मोकळं वाटलं होतं. तिचा हात टेबलावरून उचलला गेला.

"ही गळती नाही," नोला म्हणाली.

पालथा ठेवलेला कागद तिने उलटा केला आणि टेबलाच्या मधोमध सरकवला. लोरीनचा हात अर्ध्यावर थांबला.

गार्थने कागद उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. डिसेंबरची आठ तारीख. पंधरा. बावीस. एकोणतीस. तो मनातल्या मनात वाचत होता आणि ओठ हलत होते.

"हे सगळे रविवार आहेत," तो म्हणाला. "झडप उघडलीय कुणीतरी." त्याने मान वर केली. "रविवारी इथे कोण असतं?"

"मी असतो," बर्ल म्हणाला.

"पावणेसातला?"

"हो."

"एकटा? झडप उघडून? आत्या इथे बसली असताना तू मला हे सांगतोस?" गार्थचा आवाज आता अगदीच खाली गेला होता. "आणि किल्ली कुठून आणलीस?"

बर्लने आपल्या मोठ्या हातांकडे पाहिलं, जणू किल्ली तिथेच कुठे असेल.

"राहू दे, बर्ल," ॲन्सेल म्हणाला. "तुला खोटं बोलता येत नाही. शाळेतही येत नव्हतं." त्याने हॅट काढून टेबलावर ठेवली. "मी होतो."

*

पहिल्यांदा बोलली ती लोरीन. तिने भावाकडे पाहिलंच नाही, नोलाला विचारलं. "किती वेळ?"

"दहा वेळा चाळीस-पन्नास सेकंद," नोला म्हणाली. "मागच्या रविवारी एकोणीस मिनिटं."

"एकोणीस मिनिटं तू काय करत होतास, ॲन्सेल?"

ॲन्सेलने आडपडदा न ठेवता सांगितलं. झडपेच्या आतल्या हुकाला टांगलेली नमुन्याच्या फळांची जाळी सुटून आत पडली. तो श्वास रोखून तिच्यामागे वाकला. श्वास पुरला नाही, अर्धा घेतला गेला. पुढचं त्याला आठवतं ते म्हणजे तो दाराला टेकून जमिनीवर बसला होता, झडप डोक्यावर उघडी होती आणि पायांत उठायची ताकद नव्हती. मागे पडला म्हणून वाचला; पुढे पडला असता तर वेससारखाच राहिला असता, हेही तोच म्हणाला.

लोरीनने पदार्थांवरचं फडकं घडी केलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केलं. तिला राग आला होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"माझ्या नवऱ्याच्या मातीवरून येऊन तू त्या दारांवर लिहिलंस," ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी रंगाचा डबा धरून उभी होते. बारा दारं. आणि आता, या वयात, एका फळासाठी?"

"मला चव लागत नाही."

ॲन्सेलने समोरचं ताट दूर सारलं.

"नोव्हेंबरात ताप आला होता ना, तेव्हापासून. वास नाही, चव नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी. तुझं हॅमही आज पुठ्ठ्यासारखं लागलं, माफ कर. सात नंबरमध्ये जुन्या बागेचं फळ आहे. ती झाडं मी लावली, त्या फळाची चव मला पाठ आहे. वाटलं, परत यायची असेल तर त्याच फळाने येईल. म्हणून दर रविवारी एक काढून चावत होतो. पट्टा धरायला कुणाला बोलवायचं म्हणजे सांगावं लागलं असतं." त्याने हॅटची कड सरळ केली. "नाही आली."

गार्थ म्हणाला, "पण पाच आणि सहा. तुम्ही आमच्यासमोर चावलात. डोळे मिटलेत. पाचला एक आठवडा म्हणालात, सहाला उद्याच."

"डोळे आदल्या दिवशी उघडे ठेवले होते," ॲन्सेल म्हणाला. "नोलाच्या टॅबलेटवर. मला चष्मा लावून सगळं वाचता येतं. ही समजते तसा मी अडाणी नाही. फळ किती श्वास घेतंय, कधी थकणार, सगळं तिथे होतं. मी पाठ करून आलो आणि तुम्हाला म्हणून दाखवलं."

बर्लच्या घशातून एक विचित्र आवाज आला. तो हसू दाबत होता की रडू, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. नोला मात्र उघड रडत होती. वर्षभर आजोबांनी तिच्या यंत्रांची चेष्टा केली होती, आणि दहा वर्षांतलं सर्वांत चांगलं फळ निघालं ते तिच्या आकड्यांवर. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त एवढंच दिसत होतं की हा माणूस तीन महिने एकटा पुठ्ठा चघळत सगळ्यांना हसवत होता.

"माझी दोन मतं धरू नका," ॲन्सेल म्हणाला. "ती मला जिभेसाठी मिळाली होती. तुम्ही तिघं ठरवा."

आता सगळं गार्थच्या हातात आयतं आलं होतं. तो ज्या कारणासाठी दोन वर्षं झगडला ते आता एका वाक्याच्या अंतरावर होतं. त्याचा हात अजून कागदावर होता आणि त्याला त्या कागदाची किळस आली होती. वेस आतोबांना बाहेर काढलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मोठ्यांनी त्याला गाडीत बसायला सांगितलं होतं, पण गाडीच्या काचेतून सगळं दिसत होतं. त्यानंतर या खोल्यांपाशी उभं राहिलं की त्याला गाडीचा वास येतो. धंद्याची समीकरणं, थकवा, बाहेरचा माणूस, ही सगळी त्याने नंतर शोधलेली कारणं होती.

"माझं मत तेच आहे," तो शेवटी म्हणाला. "मला या खोल्या घरात नकोत. कधीच नको होत्या. बर्लबद्दल बोललो ते मागे घेतो."

"माझं नाही," बर्ल म्हणाला.

एक विरुद्ध एक. सगळे लोरीनकडे वळले. तिने फडकं बाजूला ठेवलं आणि नोलाला जवळच्या खुर्चीत बसायला सांगितलं.

"मला एवढंच सांग. वेसच्या वेळी तुझं हे यंत्र असतं, तर काय झालं असतं?"

"झडप उघडल्यावर अर्ध्या मिनिटात आपल्या सगळ्यांच्या खिशात अलार्म वाजला असता, आत्याआजी. जो कुणी जवळ होता तो धावला असता."

"मग मागच्या रविवारी का नाही वाजला?"

हा प्रश्न येणार हे नोलाला गुरुवारपासून ठाऊक होतं. रात्रंदिवस तिने त्याचं उत्तर मनात घोळवलं होतं आणि त्यातून सुटका नव्हती.

"कारण रविवारी तो मी बंद ठेवते. चर्चमध्ये वाजला होता म्हणून आजोबा म्हणाले, देवाच्या दिवशी तरी गप्प राहू दे. मी बंद केला. विचारलंही नाही. यंत्राने अकराही वेळा लिहून ठेवलं, पण त्याचं तोंड मी बांधलं होतं."

ॲन्सेलने मान खाली घातली. प्रार्थनेतल्या अलार्मची गोष्ट तो पुन्हा पुन्हा का रंगवत होता ते आता सगळ्यांना कळलं होतं.

लोरीनच्या मनात आलं: खोल्या पलीकडच्यांच्या झाल्या तरी त्या खिडकीतून दिसतच राहणार होत्या. तिथे दुसऱ्या कुणाचा तरी नवरा वाकणार होता, एवढाच फरक.

"रविवारी चालू ठेव," ती म्हणाली. "चर्चमध्ये वाजला तर वाजू दे. पास्टरला मी सांगते. बाराही खोल्यांना लाव, आणि माझ्याही फोनवर येईल असं बघ. माझं मत तुला."

गार्थने हे ऐकलं, मान हलवली, आणि भाडेपट्ट्याचा मसुदा घडी करून खिशात घातला. तो हरला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

*

सगळे सात नंबरच्या दाराशी आले. टॉर्चच्या उजेडात टोपी दिसली. ॲन्सेल म्हणाला की खोली उघडेल तेव्हा निघेल, तोवर थंडीत तिचा वासही जाईल.

त्याने नोंदतक्ता खुंटीवरून काढला आणि उभ्यानेच लिहू लागला. डिसेंबर आठ, झडप, एक फळ, सही. डिसेंबर पंधरा. अकरा ओळी त्याने अकरा तारखांनिशी भरल्या, आणि प्रत्येक ओळीपुढचा दुसरा रकाना तसाच कोरा सोडला. लोरीन बाजूला उभी राहून पाहत होती. पन्नास वर्षांपूर्वी जशी उभी होती, तशीच.

मग आजची ओळ आली. बर्ल पुढे झाला. झडप उघडताना पट्टा धरण्याचं काम इतकी वर्षं त्याचंच. ॲन्सेलने किल्ली त्याच्यासमोर धरली. आज तू काढ, मी मागे राहतो, असं तो म्हणाला. बर्लने डोकं हलवलं.

"शेवटचं तुम्हीच काढा, बाबा. पेटीच्या अलीकडच्या कडेच्या फळापर्यंत हात पोचतो, वाकावं लागणार नाही."

"मग पट्टा कोण धरतंय?" ॲन्सेलने विचारलं.

लोरीन गार्थकडे वळली. "दोन वर्षं पट्टा पट्टा करून आमचं डोकं खाल्लंस ना? घे. हा धर."

क्षणभर गार्थला राग आला. मग तो पुढे आला आणि त्याने बापाच्या कमरेचा पट्टा मागून उजव्या हाताने मुठीत घेतला. चामडं जुनं होतं आणि एक जादा भोक पाडलेलं होतं. बाबा इतके बारीक कधी झाले ते त्याला कळलंच नव्हतं. झडप उघडली, नोलाने नुकताच चालू केलेला खिशातला अलार्म वाजला, लोरीन दचकली आणि मग तिने मान डोलावली. ॲन्सेलने श्वास घेतला, रोखला, हात आत घातला. गार्थ मनात आकडे मोजत होता आणि त्याची बोटं पांढरी पडली होती. एका हातात फळ घेऊन ॲन्सेल मागे आला. झडप बंद झाली, चारही नट आवळले गेले, अलार्म थांबला.

फळ ॲन्सेलने बर्लला दिलं. बर्लने चावलं, डोळे मिटायचे की नाही या विचारात अर्धे मिटले, आणि म्हणाला, दोन आठवडे. नोलाच्या आकड्यांप्रमाणे सोळा दिवस होते. दोन दिवसांवरून भांडू नका, असं ॲन्सेल म्हणाला, आणि त्याने उरलेलं फळ बर्लच्या हातातून काढून घेतलं, पुन्हा एकदा चावून पाहिलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने नुसतीच मान हलवली आणि घास गिळला.

तो तक्ता अजून सात नंबरच्या दारावर आहे. त्या वर्षीचा कागद बदलायला लोरीनने कुणाला दिलं नाही. तेवीस फेब्रुवारीच्या ओळीत दुसरी सही इतकी वेडीवाकडी आहे की नवा माणूस विचारतो, ही कुणा लहान पोराची का. ती गार्थची आहे. त्याने ती डाव्या हाताने केली. झडप बंद होऊन पाच मिनिटं झाली होती, तरी उजव्या हाताने त्याने बाबांचा पट्टा सोडलेला नव्हता.